एका वायरीत चार वाटा

आमचं घर जासईत, न्हावाशेवा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यालगत. रात्री ट्रेलर गतिरोधकावरून गेला की अंथरुणातच कळतं. धाड-धाड! आता समजा, रस्त्याला चार लेन आहेत आणि प्रत्येकीत गतिरोधकांची मांडणी निराळी आहे. एकीत धाड-धाड-शांत-धाड, दुसरीत धाड-शांत-शांत-धाड. मग डोळे मिटूनही लेन ओळखता येईल. कान मात्र एकच!

माझा सेमिनार यावरच होता, फक्त ट्रेलरच्या जागी रक्तातल्या पेशी.

पेशी मोजण्याची मूळ युक्ती वॉलेस कूल्टर यांची, पेटंट १९५३ चं. मिठाच्या पाण्यातून वीज सोडायची. बारीक छिद्रातून पेशी गेली की तेवढं पाणी बाजूला सरतं, रोध क्षणभर वाढतो आणि पल्स मिळते. पेशी मोठी तर पल्स उंच.

चिपवर अशी चार चॅनेल्स केली तर? "मग चार वायरी काढ की," सर म्हणाले. पण प्रत्येक वायरीला वेगळा अॅम्प्लिफायर लागतो. चिप नखाएवढी आणि यंत्र कपाटाएवढं, असं झालं तर ते गावातल्या दवाखान्यात येणार कसं? आजीच्या प्रत्येक केमोआधी पेशी मोजायला आम्ही पनवेल गाठायचो. पेशी कमी भरल्या की तसंच परत!

२०१६ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये फातिह सारिओग्लू यांच्या गटाने चारही चॅनेल्स एकाच आउटपुटवर आणली. प्रत्येकात इलेक्ट्रोड अशा क्रमाने बसवले की पेशी जाताना सात अधिक-उणे पल्सेसचा ठरावीक कोड उमटतो. हे गोल्ड कोड, एकमेकांशी शक्य तितके कमी जुळणारे. (गोल्ड म्हणजे सोनं नव्हे, रॉबर्ट गोल्ड!) जीपीएस उपग्रहही असेच कोड वापरतात. बाबांच्या कपाटात पडलेल्या जुन्या रिलायन्स फोनचं सीडीएमए तंत्र तेच: सगळे एकाच वेळी बोलतात, कोडवरून आवाज वेगळे होतात.

दोन पेशी एकदम आल्या तर? आलेला सिग्नल कॉम्प्युटर चारही साच्यांशी ताडून बघतो. सर्वांत ठळक जुळणारा कोड ओळखून वजा करतो, उरलेल्यात पुढचा शोधतो. मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. चिप साधी राहते, डोकेफोड सॉफ्टवेअर करतं. त्यांच्या प्रयोगात कर्करोगाच्या पेशी ९० टक्क्यांहून जास्त अचूक ओळखल्या गेल्या.

मात्र रक्त आधी भरपूर पातळ करावंच लागतं. एका मायक्रोलिटरमध्ये पन्नास लाखांच्या आसपास तांबड्या पेशी असतात. संध्याकाळी जासई नाक्यावर कुठला हॉर्न कुणाचा, हे तरी कळतं का?