कृत्तिकांच्या फोटोला गायडर हवाच का?

कृत्तिका टिपायच्या तर गायडर हवाच, हा समज मला पटत नाही. ताऱ्याचा प्रकाश मोजक्या पिक्सेलांवर एकवटतो, म्हणून 20 सेकंदांतही तो पार्श्वभूमीवर उठून दिसतो. उलट लांब एक्स्पोजरमध्ये अल्सायोनीसारखे तेजस्वी तारे पांढरेफटक होतात आणि कृत्तिकांची ती सुंदर निळाई हरवते. इक्वेटोरियल माउंटच्या दातेरी चाकांमुळे येणारी चूक काही मिनिटांच्या फेऱ्यात मागेपुढे होते. 20 सेकंदांत तिचा लहानसाच तुकडा वाट्याला येतो. तरीही ज्या फ्रेममध्ये तारे लांबट झाले, ती खुशाल टाकून द्यावी. पाच मिनिटांची फ्रेम टाकणं जिवावर येतं.

यावर आक्षेप असा, की प्रत्येक फ्रेमगणिक सेन्सरचा रीड नॉइज भरत जातो. खरं आहे. पण शहरातल्या उजळ आकाशाचा नॉइज त्याहून मोठा असतो आणि रीड नॉइज त्यात बुडून जातो. 100 फ्रेम स्टॅक केल्या, की सिग्नल शंभरपट वाढतो, असा नॉइज मात्र दहापटच. मेरोपीभोवतीचा धूसर तेजोमेघ हवा असेल आणि आकाश खरोखर काळंभोर असेल, तर लांब एक्स्पोजर सरस, हे मान्य. निव्वळ तारकागुच्छासाठी मात्र गायडरआधी ध्रुवाकडे माउंट नीट रोखण्यावर आणि अचूक फोकसवर वेळ घालवावा.