एका सेकंदाच्या कोटी नोंदी

कारखान्यातला मोठा इन्व्हर्टर आठवड्यातून एखाद्या वेळी विनाकारण ट्रिप होतो. कधी होईल, सांगता येत नाही. अशा वेळी १६ चॅनेलचा वेव्हफॉर्म रेकॉर्डर जोडतात आणि पहिला मोह होतो तो असा: वेग दर चॅनेलला सेकंदाला १० लाख सॅम्पल ठेवू, चोवीस तास सगळंच साठवू.

हिशेब करून बघा. एक सॅम्पल १६ बिटांचं, म्हणजे २ बाइट. १६ चॅनेलचे मिळून सेकंदाला ३ कोटी २० लाख बाइट. तासाला ११५ जीबी, दिवसाला पावणेतीन टीबी. फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या कार्डावर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही. ती मर्यादा सव्वादोन मिनिटांत गाठली जाते. बायनरीऐवजी सीएसव्ही निवडलं आणि एका आकड्याला स्वल्पविरामासकट दहा अक्षरं धरली, तर दिवसाचे जवळपास १४ टीबी. ते एक्सेलमध्ये उघडायचे म्हटलं, तर तिथे एका शीटला ओळी १०,४८,५७६. एका सेकंदाला जवळजवळ एक शीट, दिवसाला ८२,३९८!

मग वेग कमी करावा? इथे खरा धोका आहे. ५० हर्ट्झची लाट २० मिलिसेकंदांत पूर्ण होते. दर २० मिलिसेकंदांनी एकच सॅम्पल घेतलं, तर ते प्रत्येक वेळी लाटेच्या त्याच जागी पडतं आणि पडद्यावर सरळ रेष दिसते. सेकंदाला ४९ सॅम्पल घेतली, तर सेकंदाला एकदाच हेलकावणारी लाट दिसते, जी तारेत कुठेच नसते. कमी माहिती परवडते, खोटी नाही.

एन्व्हलप हा पर्याय मला फार हुशारीचा वाटतो. आत मोजणी पूर्ण वेगाने चालते. फाइलमध्ये मात्र दर सेकंदाचं फक्त कमाल आणि किमान मूल्य जातं. १० लाखांच्या जागी दोन. दिवसाची फाइल साडेपाच एमबी, आणि एक मायक्रोसेकंदाचा उसळलेला काटाही तीत सापडतो. लाटेचा आकार मात्र जातो.

आकार हवा असेल तर ट्रिगर. रेकॉर्डरची मेमरी सतत भरत असते, जुनं पुसत नवं लिहीत असते. ट्रिप होताच फक्त १०० मिलिसेकंद जपायचे. त्यातले ८० प्री-ट्रिगरला, म्हणजे ट्रिपच्या आधीच्या काळाला, कारण बिघाडाचं कारण ट्रिपच्या आधीच्या चार लाटांत असण्याची शक्यता जास्त. फाइल ३.२ एमबी, मोबाइलमधल्या एका फोटोएवढी. दिवसभराच्या ढिगाच्या ८ लाख ६४ हजारांश.

हीच युक्ती जिनिव्हाजवळ सर्नमध्ये अफाट प्रमाणात चालते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाही सहभाग असलेल्या सीएमएस प्रयोगात प्रोटॉनांचे पुंजके सेकंदाला ४ कोटी वेळा एकमेकांतून जातात. एका वेळची नोंद साधारण १ एमबी. सगळं साठवायचं तर सेकंदाला ४० टीबी. म्हणून नोंद मेमरीत थांबते आणि सुमारे चार मायक्रोसेकंदांत इलेक्ट्रॉनिक्स ठरवतं, ठेवायची की पुसायची. त्यातून सेकंदाला फार तर एक लाख उरतात. पुढे संगणकांची फौज त्यांना गाळते. २०१५ ते २०१८च्या काळात शेवटी सेकंदाला साधारण हजार नोंदी पूर्ण तपशिलासह जपल्या जात. पुसलेली नोंद पुन्हा मिळत नाही, म्हणून ट्रिगरचे निकष ठरवण्यावर तिथे शास्त्रज्ञांची वर्षं खर्च होतात.