पाटण्याचे गोलघर : न भरलेले कोठार

पाटण्याला गेलेल्या आपल्या सभासदांपैकी अनेकांनी गंगेजवळचे गोलघर पाहिले असेल. दुरून एखाद्या स्तूपासारखी दिसणारी ही वास्तू म्हणजे धान्याचे कोठार आहे.

१७६९-७० च्या दुष्काळात बंगाल-बिहारमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली. तसे पुन्हा होऊ नये म्हणून वॉरन हेस्टिंग्जच्या सरकारने जानेवारी १७८४ मध्ये कोठारांची योजना मंजूर केली. तिचा पहिला भाग म्हणून कॅप्टन जॉन गार्स्टिन या इंजिनिअरने २० जुलै १७८६ रोजी गोलघर पूर्ण केले.

उंची सुमारे २९ मीटर, बुडाशी भिंतीची जाडी साडेतीन मीटरांहून अधिक, आणि आत एकही खांब नाही. साठवलेले धान्य भिंतीला बाहेर रेटते. सरळ भिंत अशा वेळी मध्येच फुगते. गोल भिंतीवर तो रेटा चहूबाजूंनी सारखा वाटला जातो. आपली कणगी गोल विणली जाते, तिलाही हाच फायदा मिळतो.

बाहेरून दोन जिने वळसा घेत माथ्यापर्यंत जातात. हमालांनी एका जिन्याने पोती चढवायची, माथ्यावरच्या भोकातून धान्य ओतायचे आणि दुसऱ्या जिन्याने उतरायचे, अशी ही योजना. धान्य काढण्यासाठी तळाशी दारे ठेवली. पन्हाळ्याच्या अंबारखान्यातही धान्य वरूनच ओतले जाई.

गोलघर मात्र कधीच पूर्ण भरले नाही. दारे आत उघडणारी असल्याने भरल्यावर ती उघडलीच नसती, असे सांगतात. ते कोणी प्रथम भरले याची नोंद करण्यासाठी शिलालेखात सोडलेली जागा आजही कोरी आहे.

१८७३-७४ मध्ये बिहारवर पुन्हा संकट आले. तेव्हा सर रिचर्ड टेंपल यांनी ब्रह्मदेशाचा तांदूळ आणवला आणि भूकबळी फारसे झाले नाहीत. मात्र खर्च फार झाला म्हणून त्यांच्यावर टीका झाली. त्याच टेंपल यांनी १८७७ मध्ये दख्खनच्या दुष्काळात सरकारी कामांवरची मजुरी घटवली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याला विरोध केला.

कोठार कितीही भक्कम असले तरी त्यात धान्य भरण्याची आणि ते वेळेवर वाटण्याची तयारी लागते. पाटण्याला गेलात तर ती कोरी जागा जरूर पाहा.