डोंगर खचतो तेव्हा : घरमालकांनी काय जाणावे?

सामान्य माणूस आयुष्यात एकदाच घर बांधतो. भविष्य निर्वाह निधी, घरातील किडुकमिडुक दागिने आणि बँकेचे कर्ज यांतून चार भिंती उभ्या राहतात. परंतु त्या भिंती ज्या जमिनीवर उभ्या आहेत, तिचा विचार आपण क्वचितच करतो. आपला हिंगोली जिल्हा बहुतांशी सपाट; तेव्हा दरडीशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण पोटापाण्यासाठी मुंबई-ठाण्याकडे गेलेले आपले कित्येक बांधव डोंगरउतारावरच संसार थाटून आहेत. म्हणून हा विषय येथे मांडत आहोत.

३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे दगावली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे तसेच घडले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड आली; २७ मृतदेह हाती लागले, ५७ जणांचा शोधच लागला नाही. तिन्ही घटना जुलै महिन्यातल्या, हे ध्यानात घ्यावे.

असे का होते? सह्याद्रीचा काळा पाषाण वर्षानुवर्षे झिजून त्यावर मुरूम व मातीचा थर साचतो. सलग मुसळधार पाऊस झाला की पाणी या थरात मुरते. मातीचे वजन वाढते, कणाकणांतील पकड सुटते आणि खालच्या खडकावरून सारा थर घसरतो. रस्त्यासाठी वा घरासाठी डोंगराचा पायथा तोडला, उतारावरची झाडे गेली, सांडपाणी उतारावरच सोडले, की हा धोका वाढतो. म्हणजे पाऊस निसर्गाचा असला तरी धोका वाढविण्यात माणसाचाही हात असतो.

डोंगर पुष्कळदा आधी सूचना देतो. वरच्या अंगाला जमिनीत लांब भेगा पडतात. झाडे व विजेचे खांब कलतात. दारे-खिडक्या अचानक अडकू लागतात. नवे झरे फुटतात किंवा झऱ्याचे पाणी गढूळ होते. अशी चिन्हे दिसताच घर सोडून सुरक्षित जागी जावे. तलाठी, ग्रामसेवक अथवा तहसील कार्यालयास लेखी कळवावे. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. सामान काढण्यासाठी मागे फिरू नये.

आता पैशाची बाजू. बँकेत काम करीत असल्याने आम्हास हे स्पष्टपणे सांगावेसे वाटते की, घर पडले तरी कर्ज पडत नाही; हप्ता चालूच राहतो. कर्ज घेताना काढलेला विमा अनेकदा कर्जदाराच्या जीवाचा असतो, घराचा नव्हे. पुष्कळांना हा फरक ठाऊक नसतो. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी मिळते. तीत दरड, जमीन खचणे, पूर व भूकंप यांपासून संरक्षण आहे. मात्र नव्या बांधकामाचे नेहमीचे बसणे, भराव घातलेली जमीन सरकणे किंवा सदोष बांधकाम यांची भरपाई मिळत नाही. विम्याची रक्कम घर पुन्हा बांधण्याच्या खर्चावर ठरते, जागेच्या किमतीवर नव्हे.

आपल्या जिल्ह्यालाही हे लागू आहे. २१ मार्च व १० जुलै २०२४ रोजी हिंगोली परिसर ४.५ तीव्रतेच्या धक्क्यांनी हादरला. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप मराठवाडा विसरलेला नाही; तेथे दगडमातीच्या जड भिंतींनीच असंख्य जीव घेतले.

तेव्हा प्रत्येक सभासदाने तीन गोष्टी कराव्यात. प्लॉट घेण्यापूर्वी वरचा उतार आणि पाण्याची वाट पाहावी. आपल्या कर्जाच्या फाइलमधील विमा नेमका कशाचा आहे, हे शाखेत जाऊन विचारावे. घराची कागदपत्रे व फोटो यांची एक प्रत दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवावी. पंचनाम्याच्या वेळी तीच कामी येते. विद्यार्थ्यांनी हा लेख घरातील वडीलधाऱ्यांना, आणि शहरात डोंगरकडेला राहणाऱ्या काका-मामांना अवश्य वाचून दाखवावा. घर पुन्हा बांधता येते, माणूस नाही.