लांबचा मार्ग, कमी वेळ

परदेशी शिकणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थिनींचे आईवडील विचारतात, ‘सर, पोरगी नेमकी किती लांब आहे हो?’ सपाट नकाशावर पट्टी ठेवून याचे उत्तर मिळत नाही. पृथ्वीच्या गोलावर दिल्लीपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत दोरा ताणला, तर तो आर्क्टिक प्रदेशातून जातो आणि अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. विमान मात्र या दोऱ्यावरून जातेच असे नाही.

एअर इंडियाचे विमान पूर्वी पश्चिमेकडे, अटलांटिकवरून जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पूर्वेकडे, पॅसिफिकवरून नेण्यात आले. मार्ग लांबून सुमारे १५,३०० किलोमीटर झाला, तरी विमान साडेचौदा तासांत, म्हणजे सुमारे दोन तास लवकर पोहोचले!

पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेस जाणारा लवकर पोहोचावा, असा तर्क वर्गात हमखास निघतो. तर्क चांगला आहे. पण पृथ्वीसोबत हवाही फिरते. फरक पडतो तो सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान जेट प्रवाहामुळे. पूर्वेस जाताना हे वारे विमानाच्या पाठीशी असतात, पश्चिमेस जाताना समोरून येतात.

तिकिटावरील वेळांची वजाबाकी करून प्रवासाचे तास काढू नयेत. हिवाळ्यात दोन्ही शहरांच्या घड्याळांत साडेतेरा तासांचे अंतर असते. पहाटे चारला दिल्लीहून निघालेली मुलगी साडेचौदा तासांनी तेथे उतरते, तेव्हा तेथे त्याच दिवसाचे पहाटेचे पाच वाजलेले असतात.