स्पर्शरहित प्रदानातील ओळख-पडताळणी

स्पर्शरहित प्रदानातील ओळख-पडताळणी : भ्रमणध्वनी दुकानातील यंत्राजवळ नेऊन रक्कम देताना, तो धारण करणारी व्यक्तीच खातेदार आहे याची खात्री करून घेण्याची पद्धती. ही खात्री पटविताना खातेदाराचा संकेतांक, बोटाचा ठसा वा खाते क्रमांक त्रयस्थाच्या हाती लागू नये, ही तिची दुसरी व अधिक अवघड बाजू होय.

भ्रमणध्वनी व यंत्र यांच्यातील संपर्क १३·५६ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या चुंबकीय क्षेत्राद्वारे होतो. त्याचा पल्ला सामान्यतः ४ सेंमी.च्या आसपास असतो. मात्र आखूड पल्ला म्हणजे सुरक्षितता नव्हे. दोन भामट्यांपैकी एकाने खातेदाराच्या खिशाजवळ व दुसऱ्याने दुकानातील यंत्राजवळ उपकरण धरून संदेश पुढे पाठविल्यास हे अंतर कित्येक पटींनी वाढविता येते. म्हणून रक्कम देण्यापूर्वी भ्रमणध्वनी स्वतःच ठसा, चेहरा वा संकेतांक ताडून पाहतो. ठशाचा नमुना उपकरणातील सुरक्षित कप्प्यातच राहतो. तो दुकानदाराकडे वा बँकेकडे जात नाही. बाहेर जातो तो कार्डाच्या क्रमांकाऐवजी दिलेला पर्यायी क्रमांक व त्या एका व्यवहारापुरती तयार झालेली गणिती खूण. ही खूण चोरली, तरी पुन्हा उपयोगी पडत नाही. पर्यायी क्रमांकाच्या वापरास रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१९ मध्ये मुभा दिली.

ग्रामीण भागात रूढ झालेली आधार-संलग्न प्रदान पद्धती याच्या उलट आहे. तीत खातेदाराला भ्रमणध्वनी लागत नाही. बँक प्रतिनिधीच्या यंत्रावर बोट ठेवले की ठसा सांकेतिक रूपात मध्यवर्ती संचयाकडे पडताळणीसाठी जातो. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे देण्यात आले. जालना जिल्ह्यासारख्या प्रदेशात या पद्धतीची मर्यादा विशेष जाणवते. कापूस वेचणारे, मंठा-घनसावंगी भागातून ऊसतोडीस जाणारे मजूर, जालना शहरातील पोलाद कारखान्यांतील कामगार यांच्या बोटांवरील रेषा श्रमाने झिजतात. ठसा जुळला नाही, तर स्वतःच्याच खात्यातील मजुरी हाती येत नाही. हा दोष बोटांचा नव्हे, पद्धतीचा मानावयास हवा.

शिवाय फुटलेला संकेतांक बदलता येतो, बोट बदलता येत नाही. नोंदणीकृत दस्तांवरील ठशांवरून कृत्रिम ठसे बनवून खात्यांतून रकमा काढल्याचे गुन्हे देशात उघडकीस आले आहेत. यावर उपाय म्हणून आधारधारकास आपले ठसे पडताळणीसाठी बंद करून ठेवता येतात व गरजेनुसार पुन्हा खुले करता येतात. परंतु ही सोय फारच थोड्यांना ठाऊक असते. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्यामुळे ठसे कोठे साठवावेत हा प्रश्न निव्वळ तांत्रिक राहिला नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये यूपीआय प्रणालीतही संकेतांकाऐवजी भ्रमणध्वनीतच ठसा वा चेहरा ताडून संमती देण्याची सोय सादर झाली. तथापि एकाच भ्रमणध्वनीत घरातील अनेकांचे ठसे नोंदलेले असल्यास त्यांपैकी खातेदार कोण, हे उपकरणाला सांगता येत नाही.