फुकटचा मेघ आणि शाळेचे दप्तर

भोपाळच्या बरखेड्यात, हेवी इलेक्ट्रिकल्सच्या वसाहतीत, ज्या मराठी कुटुंबांनी कारखान्याच्या नोकरीपायी बिऱ्हाड थाटले, त्यांच्या घरी मुलांचा गृहपाठ आता वहीबरोबर ‘क्लाउड’वरही लिहिला जातो, परंतु हा क्लाउड म्हणजे काय, याविषयी शिक्षक-पालकांत ज्या समजुती रूढ आहेत, त्यांतील काही निव्वळ भोळ्या, तर काही शाळेला महाग पडण्याजोग्या आहेत.

भोळी समजूत शब्दानेच निर्माण केली आहे. मेघ म्हटला की मजकूर आकाशात तरंगत असावा असे वाटते. वस्तुतः तो कुठल्याशा इमारतीतील, अहोरात्र थंड ठेवाव्या लागणाऱ्या यंत्रांत असतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात, ॲमेझॉनने २०१६ मध्ये व गूगलने २०१७ मध्ये मुंबईत अशी केंद्रे उघडली. (सरकारने आपल्या क्लाउडचे नाव ‘मेघराज’ ठेवले, त्या नामकर्त्याला कालिदास आठवला असावा.) मात्र आपल्या शाळेची फाइल याच केंद्रांत असेल, असे गृहीत धरू नये.

महाग पडणारी समजूत ही की जे विनाशुल्क मिळाले ते आपले झाले. गूगलच्या क्लाउड-सेवांची शिक्षणसंस्थांसाठीची मूळ आवृत्ती पडताळणीनंतर फुकट मिळते, आणि एके काळी तिच्यातील साठवणुकीला मर्यादाही नव्हती. पण २०२१ मध्ये कंपनीने धोरण बदलल्याचे जाहीर केले व पुढील वर्षापासून संपूर्ण संस्थेला मिळून १०० टेराबाइटची सीमा घातली. एका शाळेला एवढी जागा पुष्कळ होते, हे खरे. तथापि अट बदलण्याचा अधिकार देणाऱ्याकडेच राहिला आणि घेणारा केवळ वहिवाटदार ठरला. त्याहून वाईट प्रकार म्हणजे शिक्षकाच्या वैयक्तिक खात्यावर चालणारा वर्ग. अशा खात्यात टपाल, छायाचित्रे व फायली मिळून १५ गिगाबाइट जागा असते, आणि दोन वर्षे वापर न झाल्यास ते खाते कंपनी बंद करू शकते. माझ्या माहितीतल्या एका शाळेत शिक्षक सेवानिवृत्त झाले आणि प्रश्नपत्रिका, गुणपत्रके सारे त्यांच्याच खात्यात राहिले. मग शाळेला स्वतःच्या दप्तरासाठी अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या.

‘मुलांची माहिती विकली जाते’ ही भीती आणि ‘शाळेने दिले म्हणजे सुरक्षितच’ हा विश्वास, दोन्ही अर्धवट आहेत. गूगलच्या शैक्षणिक खात्यांतील मूळ सेवांत जाहिराती दाखवल्या जात नाहीत. पण यूट्यूब त्या मूळ सेवांत मोडत नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानले असून पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची अट घातली आहे. शैक्षणिक कामापुरती शाळांना काही सवलत असली, तरी पालकांना अंधारात ठेवण्याची मुभा तीतून निघत नाही.

इंटरनेट गेले की सारे ठप्प, हेही सर्वस्वी खरे नाही. गूगल डॉक्स क्रोममध्ये आधी तशी व्यवस्था केली असता जोडणीविना चालते. उलट पायथन ही संगणकभाषा शिकवताना कामी येणारे गूगलचे कोलॅब जुनाट संगणकावरही चालते, कारण गणना दूरच्या यंत्रात होते. परंतु त्याला जोडणी अखंड लागते, फुकटचे सत्र फार तर बारा तास टिकते आणि ड्राइव्हवर न ठेवलेली फाइल सत्राबरोबर नाहीशी होते.

तेव्हा मुख्याध्यापकांना एवढीच विनंती: खाते शाळेच्या नावे काढा, त्याची किल्ली निदान दोघांच्या हवाली करा आणि प्रत्येक शालेय सत्राअखेर सर्व फायली उतरवून त्यांची एक प्रत शाळेच्या कपाटातील हार्ड डिस्कवर ठेवा. हे काम उन्हाळी सुट्टीपूर्वी उरका. सुट्टीत पासवर्ड विसरतात.